जपानातले शिवराक पान
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील कित्येक मुलेमुली नोकरीनिमित्त जपानात जाऊन राहिली आहेत, आणि त्यांच्यामागोमाग आईवडीलही तिकडच्या प्रवासास निघू लागले आहेत. या तरुणांपैकी काहींनी मांसमत्स्याबरोबर दूधदुभतेही वर्ज्य केले आहे. अशा आहारास 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात घडविला गेला. मासळीवर जीव टाकणाऱ्या आपल्या घरांत या मुलांची थट्टा होते, हे काही गुपित नाही. 'दुधाने कोणाचे काय बिघडविले?' हा प्रश्न प्रत्येक पंक्तीत एकदा तरी कानी येतोच. त्या वादात शिरण्याचा आमचा मानस नाही. आम्ही पाच जण तीन आठवडे जपानात हिंडलो. आमच्यात एक माता होती आणि दूध सोडलेली तिची कन्या होती. त्या मुलीच्या पानात काय पडले व काय पडले नाही, एवढेच येथे निवेदन करावयाचे आहे.

जपान हा बुद्धाला मानणारा देश, तेव्हा तेथे शाकान्नाची वाण कशी असेल, असे निघताना पुष्कळांनी आम्हांस सांगितले. या समजुतीत तथ्य आहे, पण अर्धेच. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाय-बैल, घोडे, कुत्री, माकडे व कोंबड्या खाण्यास मनाई केली. पुढे शतकानुशतके तेथे पशुमांस निषिद्ध मानले जाई. १८७२ साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कोठे तो निर्बंध सैल झाला. परंतु तेम्मूच्या आज्ञेत माशांचे नाव नव्हते. जपानी भाषेत 'निकु' म्हणजे मांस. मासा हा 'साकाना', तो निराळा. म्हणून 'निकु नको' एवढेच सांगणाऱ्यापुढे निःशंकपणे मासा येतो, आणि त्यात वाढणाऱ्याचा काडीचाही दोष नसतो.

खरी अडचण मात्र दिसणाऱ्या माशाची नाही, न दिसणाऱ्या माशाची आहे. कात्सुओ नावाचा, आपल्या कुप्याच्या कुळातला मासा उकडून, धुरी देऊन आणि वाळवून लाकडासारखा कठीण करतात. रंध्यासारख्या पात्यावर त्याचे पातळ पापुद्रे काढून ते कोम्बू या समुद्रवनस्पतीच्या गरम पाण्यात भिजवितात व गाळून घेतात. ही 'दाशी'. मिसोच्या साराचा पाया ती, सोबा शेवयांच्या रसात ती, इनारी सुशीसाठी सोयाची तळलेली पिशवी शिजते तीही बहुधा तिच्यातच. नात्तोच्या डबीतली चटणीची इवलीशी पुडीसुद्धा बहुतेक वेळा तिच्यावाचून नसते. विचारले तर उत्तर मिळते, 'यात मासा नाही.' सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच.

हे आमच्यात सर्वांआधी उमगले त्या मातेस. सोमवारी शिवराकाचे टोप वेगळे ठेवणारी ती बाई. ती चटकन म्हणाली, 'म्हणजे कालवणातली डवली वरणात बुडविल्यासारखेच की!' मग किंचित थांबून तिनेच जोडले, 'आणि आपण तूप मोजतो कुठे?' घरी मुलीने वरणभातावरचे तूप नाकारले की हीच माता रागावत असे.

एका खेड्यातील सोबाच्या दुकानात आम्ही विनंती केली, तेव्हा मालकीणबाईंनी बराच विचार करून, वारंवार मान लववून, जेवण देण्यास नकार दिला. आमच्यातील एकास तो अपमान वाटला. आम्हांस तसे वाटत नाही. भलतेच काही पोटात जाऊ देण्यापेक्षा नाही म्हणणे हा त्या बाईंचा प्रामाणिकपणा होता. मुलीने त्या दुपारी नुसता भात आणि मीठ खाल्ले. असे पहिल्या चार दिवसांत तीनदा घडले, आणि आई समोर बसून ते पाहत होती.

अशा वेळी भारतीय खाणावळ हा आधार वाटतो. टोकियोच्या निशिकासाई भागात आपली वस्ती मोठी आहे व अशी उपाहारगृहेही आहेत. तेथे मासा चुकतो, पण रश्श्यात लोणी-साय आणि नानात दूध असू शकते; विचारल्यावाचून गत्यंतर नाही. पाकीटबंद जिनसांवर दूध व अंडे असल्यास तसे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. कात्सुओ मात्र त्या सक्तीच्या यादीत नाही. त्यासाठी घटकांची सारी यादीच वाचावी लागते.

पोट आणि मन दोन्ही भरली ती कोयासान पर्वतावर. कूकाई या आचार्याने ८१६ साली स्थापिलेले हे मठक्षेत्र. आज तेथील सुमारे पन्नास मठ प्रवाशांस उतरून घेतात. ओकुनोइनच्या स्मशानभूमीतील दगडी स्तूपांवर सिद्धम् लिपीची अक्षरे आहेत. देवनागरी वाचणाऱ्यास ती दूरच्या नातलगांसारखी वाटतात. मठातील भोजनास 'शोजिन र्‍योरी' म्हणतात. त्यात मांस नाही, मासा नाही, आणि परंपरेने कांदालसूणही नाही. दाशी केली जाते ती कोम्बूची व वाळविलेल्या शिताके अळंबीची. तीळ वाटून, कुझू नावाच्या कंदाच्या सत्त्वाबरोबर घोटून थापलेली मऊ वडी. गोठवून वाळविलेला आणि मग रसात मुरविलेला कोयाचा टोफू. भात, लोणचे, सार. लाखेच्या ठेंगण्या चौरंगावर हे पान आले, तेव्हा आमच्या मातेने प्रथम प्रत्येक वाटीचा वास घेतला, मग मुलीकडे पाहून नुसती मान हलविली.

दोगेन या जपानी भिक्षूने १२३७ साली मठाच्या आचाऱ्यासाठी एक ग्रंथच लिहिला. त्यात १२२३ सालची हकीकत आहे. चीनच्या बंदरात त्याच्या गलबतावर एक वृद्ध आचारी जपानी अळंबी विकत घेण्यास आला होता. रात्रभर राहण्याचा आग्रह झाला, पण दुसऱ्या दिवशीचे जेवण आपल्याच हातचे व्हावयाचे म्हणून तो लगोलग परतला. स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या आपल्या भगिनींस या आचाऱ्याची ओळख निराळी करून द्यावयास नको.

जाणाऱ्यांनी पोहे, भाजणी, आमसुले बरोबर घ्यावीत. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या यांसारखे ताजे पदार्थ रोगमुक्ततेच्या सरकारी दाखल्यावाचून तेथील तपासनाक्यावरून आत जात नाहीत. शोजिन हा शब्द वयस्कर माणसांस कळतो, तरुणांस 'बीगन' सांगावे. मात्र केवळ शब्दावर विसंबू नये. निकु, साकाना, तामागो म्हणजे अंडे, ग्युन्यू म्हणजे गाईचे दूध, आणि शेवटी आठवणीने कात्सुओ-दाशी, ही पाचही नावे घेऊन नको म्हणावे. हीच नावे जपानी लिपीत छापलेली कार्डे त्या मातेने स्वखर्चाने करून आणली आहेत. ती चिटणीसांच्या मेजावर ठेविली आहेत. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी जाताना अवश्य न्यावीत.