निकाल लागला, पुढे काय?

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा निकाल लागला, की गावात दोन दिवस दुसरा विषय नसतो. कोण आला, कोण पडला, कोणाची अनामत गेली, याची पारावर चर्चा होते आणि गुलाल झटकला की संपते. पण त्या दिवशी पुष्कळदा निकाल अर्धाच लागलेला असतो. उरलेला अर्धा कसा लागतो, ते आज दोन जिल्ह्यांच्या उदाहरणांनी पाहू.

२३ फेब्रुवारी २०१७ रोजी लातूर आणि कोल्हापूर या दोन्ही जिल्हा परिषदांची मतमोजणी झाली. लातूरला जागा ५८, म्हणजे बहुमताला ३० सदस्य हवेत. भारतीय जनता पक्षाला ३६ जागा मिळाल्या. जिल्हा काँग्रेसचा जुना बालेकिल्ला, पण आता कारभार कोणाकडे जाणार हे त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळलं.

कोल्हापूरचं तसं नव्हतं. तिथे जागा ६७, बहुमताला हवेत ३४. भाजप आणि काँग्रेस यांना प्रत्येकी १४ जागा मिळाल्या, बाकीच्या इतर पक्षांत आणि आघाड्यांत वाटल्या गेल्या. गुलाल सगळ्यांनीच उधळला, पण जिल्हा कोणी जिंकला, हे काही कोणाला सांगता येईना.

असं का होतं? आपण मत देतो ते आपल्या गटातल्या सदस्याला. अध्यक्षाला आपण निवडत नाही. त्याला निवडतात हे सदस्य, आणि तेही अडीच वर्षांसाठी. म्हणजे आपलं मत पाच वर्षांतून एकदा, पण अध्यक्षाची निवड दोनदा.

कोल्हापुरात मार्च २०१७ मध्ये इतरांच्या पाठिंब्यावर भाजपचा अध्यक्ष झाला. पुढे राज्यातलं वारं फिरलं आणि जानेवारी २०२० मध्ये अध्यक्षपद काँग्रेसकडे गेलं. मधे जिल्ह्याची सार्वत्रिक निवडणूक काही झाली नव्हती, तरी सत्ता बदलली. लातूरला मात्र अडीच वर्षांनंतरही अध्यक्ष भाजपचाच झाला.

यात कायद्याबाहेरचं काही नाही. पण ज्याला आपण मत दिलं, त्याने सभागृहात हात कोणासाठी वर केला, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. आणि विचारायचं ते भांडणासाठी नव्हे. 'तुम्ही त्यांच्याबरोबर गेलात, ठीक आहे. मग आपल्या गटाच्या वाट्याला काय आलं?' एवढाच प्रश्न. कारण अध्यक्षनिवडीच्या मागोमाग विषय समित्यांची माणसं ठरतात. शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, पाणीपुरवठा, सगळं तिथे येतं. शाळेची गळकी खोली, दवाखान्यातली औषधं, ओढ्यावरची मोरी, हे प्रश्न याच समित्यांपुढे जातात. आपला सदस्य कोणत्या समितीवर आहे, हे गावातल्या किती जणांना सांगता येईल?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावंसं वाटतं. नागरिकशास्त्राच्या तासाला आपल्याच जिल्ह्याचा निकाल फळ्यावर मांडा. एकूण जागा किती, बहुमताला किती लागतात, कोणाला किती मिळाल्या, हे मुलांकडून काढून घ्या. मग आपल्या गटाचा सदस्य आणि त्याची समिती शोधायला सांगा. गणितही होईल आणि घरी वडीलधाऱ्यांच्या कानावरही जाईल.

कोणी म्हणेल, एवढं करून काय होतं? जिल्हा परिषदा १९६२ मध्ये सुरू झाल्या. १९७९ नंतर पुढची निवडणूक व्हायला १९९२ साल उजाडावं लागलं. तेरा वर्षं मतदाराला आपला हिशेब मांडताच आला नाही. पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचं बंधन घातलं. तरीही मार्च २०२२ मध्ये लातूर आणि कोल्हापूरसह अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुकीआधी प्रशासक आले. आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला होता. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याबद्दल आदेश द्यावा लागला.

प्रशासक काम करतो, नाही असं नाही. पण तो पुन्हा आपल्या दारी मत मागायला येणार नसतो. सदस्याला यावंच लागतं. म्हणून निकालाच्या दिवशी सदस्याचं नाव लिहून ठेवा, महिन्याभराने अध्यक्षनिवडीत त्याने काय केलं ते त्याखाली लिहा, आणि समित्या ठरल्या की त्याची समितीही लिहा. पुढच्या वेळी तो दारी आला, की चहा जरूर द्या, पण आधी ती वही काढा.