द्राक्षांचा गुणमेळ : तस्कनी आणि अकलूज

मद्य सेवन करावे की करू नये, हा नीतीचा प्रश्न बाजूस ठेवला, तरी तांबडे द्राक्षमद्य कसे घडते हा शेतीचा व रसायनाचा प्रश्न उरतोच. आणि सोलापूर जिल्ह्यास तो आता परका राहिलेला नाही.

सोलापूरच्या श्रोत्यांस द्राक्ष परिचित आहे ते खाण्याचे. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडीने सिद्ध केलेल्या 'सोनाका' व 'शरद सीडलेस' या जाती बिनबियांच्या व गोड आहेत. तांबड्या मद्याचे द्राक्ष निराळे. त्याचा मणी लहान असतो, आणि त्याची खरी संपत्ती सालीत व बियांत असते. रंग सालीतून येतो, तुरटपणा दोहोंतून.

इटलीतील तस्कनी प्रांताचे मुख्य द्राक्ष 'सांजोव्हेजे'. ते उशिरा पिकते. त्याचा आंबटपणा सतेज असतो, वास चेरीसारखा येतो. परंतु रंग फारसा गडद नसतो. १८७२ साली बॅरन बेत्तिनो रिकासोली यांनी कियांती मद्याविषयी एका पत्रात असे मत मांडले की, सुगंध व जोम सांजोव्हेजेने द्यावा, आणि त्याचा कठोरपणा 'कानायोलो' द्राक्षाने मृदू करावा. पुढे १९७५ च्या 'तिन्यानेल्लो' मद्यात आंतिनोरी घराण्याने सांजोव्हेजेच्या जोडीस फ्रान्सचे जाड सालीचे, गडद व तुरट 'काबर्ने सोव्हिन्यों' घेतले. मिरचीचा तिखटपणा गृहिणी धन्याने सावरते. त्यास कोणी भेसळ म्हणत नाही. या मिश्रणाचे तत्त्वही तेच होय.

हीच जोडी माळशिरस तालुक्यातील अकलूज येथे आली. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी व अकलूजचे मोहिते-पाटील अशा बंधूंच्या तीन जोड्यांनी तेथे 'फ्रातेल्ली', म्हणजे 'भाऊ', या नावाचा उद्योग उभारला. तस्कनीचे मद्यकार पिएरो मासी त्यांस मिळाले. त्यांच्या 'सेत्ते', म्हणजे 'सात', या मद्यात सांजोव्हेजे व काबर्ने सोव्हिन्यों एकत्र येतात.

परंतु वेल आणली म्हणून ऋतू आणता येत नाहीत. तस्कनीत द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात, थंडावत जाणाऱ्या दिवसांत पिकतात. येथे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरताना गोड छाटणी होते, आणि मद्याची द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये, तापत जाणाऱ्या उन्हात तयार होतात. उष्णतेने मण्यातील आंबटपणा झपाट्याने घटतो. साखर पुरेशी भरते, तरी बी कच्चेच असते. लवकर तोडावे तर तुरटपणा बोचतो. थांबावे तर रस निस्तेज होतो.

म्हणूनच आंबटपणा टिकवून धरणाऱ्या सांजोव्हेजेचे मोल येथे अधिक. मात्र मिश्रण पिंपात होत असले, तरी त्याचे भवितव्य बागेत, तोडणीचा दिवस ठरवितानाच निश्चित होते. तो दिवस चुकला, तर दोन उत्तम द्राक्षे एकत्र येऊनही एकमेकांची उणीव पुरी भरून काढू शकत नाहीत.