स्वातंत्र्य, स्वैराचार आणि गोरोबाकाकांचे थापटणे

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



'आधुनिक कुटुंबातील नीतिमूल्ये आणि वाढता स्वैराचार' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. विषय गंभीर आहे; परंतु नवा नाही. प्रत्येक पिढीने आपल्या मागून येणाऱ्या पिढीस स्वैर म्हटलेले आहे. १८४८ साली पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलीने पाटी हाती धरणे हाच अनेकांच्या दृष्टीने अनाचार होता. आज आपल्यापैकी प्रत्येक घरातील लेक शाळेत जाते आणि तिच्या निकालाचे पेढे आपण अभिमानाने वाटतो. तेव्हा जे जे अपरिचित ते ते अनीतीचे, असे मानून चालणार नाही. स्वैराचार म्हणजे काय, हे आधी ठरविले पाहिजे.

माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याची खूण सोपी आहे. आपल्या आयुष्याचा निर्णय विवेकाने घेणे आणि त्याचे बरेवाईट फळ स्वतः सोसणे, हे स्वातंत्र्य होय. आपल्या इच्छेचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे राहणे, हा स्वैराचार होय.

ही परीक्षा कशी करावी, हे आपल्याच जिल्ह्यातील एका संताने दाखवून दिले आहे. तेर येथे गोरोबाकाकांची समाधी आहे. संतमंडळी त्यांच्या घरी जमली असता मुक्ताबाईंनी त्यांना थापटण्याविषयी विचारले व या मडक्यांत कच्चे कोणते, पक्के कोणते ते सांगा, असे म्हटले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काकांनी प्रत्येक संताच्या मस्तकावर थापटणे मारले. नामदेव तर विठ्ठलाचे लाडके. तरी त्यांना सवलत मिळाली नाही आणि तेच कच्चे ठरले. प्रथम ते रागावले. परंतु पुढे विसोबा खेचरांकडे जाऊन त्यांनी आपले उणे भरून काढले. या कथेतून मी दोन गोष्टी घेतो. थापटणे सर्वांना एकच असावे. आणि कच्चे ठरणे ही नामुष्की नव्हे, थापटणे चुकविणे ही नामुष्की होय.

आता हेच थापटणे आपल्या घरात फिरवून पाहू. प्रथम तरुणांवर. हप्त्याने मोटारसायकल घेऊन तिचे हप्ते बापाच्या सोयाबीनवर टाकणारा, रात्र धाब्यावर घालवून सकाळी आईवर ओरडणारा मुलगा कच्चा ठरतो, यात शंका नाही. घरातील चौघे चार मोबाइलांत मान घालून बसतात आणि खाटेवरील आजोबांशी बोलण्यास कोणी नसते, हेही तितकेच खरे. आईबापांचा चरितार्थ मुलांनी चालवावा, यासाठी २००७ साली कायदा करावा लागला, ही गोष्ट आपणा सर्वांस अंतर्मुख करणारी आहे.

परंतु थापटणे येथेच थांबवावे काय? ते आपणा वडीलधाऱ्यांच्या मस्तकावरही पडू द्या. हुंडा देणे व घेणे हे दोन्ही १९६१ सालच्या कायद्याने गुन्हे ठरले. त्यास साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी मुलास नोकरी लागताच त्याचा भाव ठरतो. शब्द तेवढा बदलला; हुंड्यास आता 'हौस' म्हणतात. अवर्षणाने गांजलेल्या या मुलखात मुलीचा बाप त्या हौसेपायी आपले रान गहाण टाकतो. आपल्या इच्छेचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे, याहून निराळे ते काय असते? मुलीच्या पोशाखावर तासभर बोलणारे आपण या स्वैराचारापुढे मूग गिळून बसतो.

दुसरे उदाहरण त्याहूनही दुःखद आहे. मराठवाड्यातील हजारो जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात. पतिपत्नी मिळून एक कोयता धरला जातो. वयात आलेली लेक मागे ठेवावी तर जिवास घोर, बरोबर पालावर न्यावी तरी घोर. मग 'काही बरेवाईट घडण्याआधी' म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचे हात पिवळे केले जातात. मुलीचे विवाहाचे वय कायद्याने अठरा आहे. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे बावीस टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेले आढळले. अब्रूच्या भीतीने बालिकेचा बळी द्यावयाचा आणि त्यालाच नीती म्हणावयाचे, असा हा उलटा न्याय आहे. त्या बापास दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. त्याची लेक सहा महिने निर्भयपणे राहील असे एक ठिकाण समाजाने उभे केले, तर त्याची भीती अर्धी ओसरेल.

भीती दाखवून नीती टिकत नाही, आधार देऊन टिकते, याचा दाखला इतिहासात आहे. विधवेच्या पोटी मूल आले की पुरुष नामानिराळा राही आणि ती आड-विहीर जवळ करी. १८६३ साली फुले दांपत्याने अशा स्त्रियांसाठी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंनी देह ठेवला, तेव्हा हा पुत्रही त्या सेवेत होता. लोकांनी ज्यास कलंक म्हटले असते, ते मूल रोग्यांचा आधार झाले.

ज्ञातिसंस्थांनी येथे विशेष सावध असले पाहिजे. नीतिरक्षणाच्या नावाखाली जातपंचायतींनी कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकली. त्यामुळे महाराष्ट्रास सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. एखाद्या सज्ञान मुलाने अथवा मुलीने जातीबाहेर विवाह केला, तर आपणांस वाईट वाटेल. परंतु त्या घराचा उंबरठा वर्ज्य करण्याचा अधिकार आपणांस नाही.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. वधूवर सूचीत मुलीचा रंग विचारला जातो. तेथे मुलाचे व्यसन विचारण्याचा एक रकाना घालावा. हुंडा घेणार नाही, असे लेखी देणाऱ्याचेच नाव सूचीत घ्यावे. आणि यंदाच्या निधीतून सत्काराचे हारतुरे कमी करून, ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलींच्या वसतिगृहातील राहण्याजेवणाची सोय करावी. हा खर्च जातीपुरता पाहू नये. मुलगी कोणाचीही असो.

मुले आपली भाषणे ऐकत नाहीत, ती आपले वागणे पाहतात. थापटणे आधी आपल्या मस्तकावर पडलेले त्यांनी पाहिले, तर ती आपली मस्तके आपण होऊन पुढे करतील.