यकृताला मिळणारे दोन हुकूम
(नाशिक येथील पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मागच्या मेळाव्यात एका मातेने मला विचारले होते, "सर, माझा मुलगा तर काडीसारखा आहे. त्याला मधुमेहाची भीती कशाला?" त्या दिवशी घाईत मी नीट उत्तर दिले नाही. ते आज देतो.

आपल्या जवळच्या पुण्याचेच उदाहरण घ्या. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडामांसाने कमी भरली, चरबीने मात्र तेवढी कमी नव्हती. तेव्हा वरून सडपातळ दिसणे हा काही निर्धोकपणाचा दाखला नव्हे.

ही चरबी येते कोठून? तुपातेलातून, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. खाटकाच्या दुकानात आपण जिला कलेजी म्हणतो ते यकृत, साखरेपासूनही चरबी तयार करते. आपण साखर, मैदा, भात खाल्ला की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते. ते यकृताला दोन हुकूम देते. पहिला, रक्तात आणखी साखर सोडू नकोस. दुसरा, जादा साखरेची चरबी कर. या दुसऱ्या कामासाठी इन्सुलिन एका प्रथिनाला कामाला लावते. त्याचे नाव एस.आर.ई.बी.पी.-१सी. नाव अवघड आहे, आपण त्याला मुकादम म्हणू. हा मुकादम पेशीच्या केंद्रकात शिरतो, चरबी बनविणाऱ्या विकरांची जनुके जागी करतो आणि कारखाना सुरू होतो. या प्रथिनांच्या कुळाचा शोध अमेरिकेत डॅलस येथे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत लागला.

आता खरी गोम ऐका. मधुमेहाकडे झुकलेल्या माणसाचे यकृत पहिला हुकूम ऐकेनासे होते, दुसरा मात्र ऐकतच राहते. घरात असा एखादा असतोच: काम सांगितले तर ऐकू येत नाही, जेवायला हाक मारली की हजर! रक्तातली साखर वाढते, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन पाठविते, आणि त्या वाढीव इन्सुलिनने चरबी अधिकच साठते. साखर आणि चरबी दोन्ही एकाच वेळी वाढतात, त्याचे कारण हे.

मुकादमाला आवरणारेही कोणी आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की अनेक-असंतृप्त स्निग्धाम्ले, म्हणजे करडई, सोयाबीन, जवस आणि मासळी यांतील तेल, या मुकादमाचे काम मंदावते. वनस्पती तूप किंवा साजूक तूप यांच्याजवळ हा लगाम जवळजवळ नाही. अर्थात, म्हणून पळीने करडईचे तेल ओता असे मी म्हणत नाही; तेल ते तेलच, ग्रॅममागे नऊ कॅलरी. जवसाची चटणी मात्र आपल्या भागाला नवी नाही, ती पुन्हा ताटात येऊ द्या. आणि साखरेकडे अधिक लक्ष द्या. तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याचा मोठा वाटा थेट यकृताच्या वाट्याला येतो. दिवसाचे चार कप गोड चहा, सोबत खारी-नानखटाई, वर पोरांच्या हाती थंड पेयाची बाटली. कारखान्याला कच्चा माल असा पोहोचतो.

त्या मातेला माझे उत्तर एवढेच: वजनकाट्यावर विसंबू नका. शिवणकामाची टेप घरात असतेच. घरातील मोठ्यांचे पोट बेंबीच्या रेषेत मोजा. पुरुषांचे ९० सेंटिमीटरच्या वर, स्त्रियांचे ८० च्या वर गेले असेल, तर माणूस दिसायला बारीक असला तरी उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्या. आणि वडिलांना मधुमेह असेल, तर मुलगा काडीसारखा असला तरी त्याचेही रक्त डॉक्टरांना एकदा विचारून तपासा.