मानवी जनुकसंच आणि आपण



माणसाच्या बहुतेक पेशींत सुमारे 3 अब्ज अक्षरांची एक पोथी असते. तिची लिपी अवघ्या चार अक्षरांची. ती वाचण्याचा आंतरराष्ट्रीय उपक्रम 1990 साली सुरू झाला व 2003 साली पुरा झाल्याचे जाहीर झाले. पुढे ‘जीनोम इंडिया’ उपक्रमात सुमारे 10,000 भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले. या खटाटोपाशी झरी जामणीच्या माणसाचा संबंध काय, असे आपण विचाराल. तो फार निकटचा आहे.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते. असे जनुक आई व बाप या दोघांकडूनही आले, तर मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे ठणकतात, रक्त कमी होते. नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी 1958 सालीच मध्य भारतातील या विकाराची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. म्हणजे अक्षर कळणे निराळे, आणि त्याचा लाभ खेड्यातल्या लेकरापर्यंत पोचणे निराळे!

हे जनुक एकाच पालकाकडून आले, तर तो माणूस केवळ वाहक होय. तो सहसा निरोगी असतो. उलट हिवतापाच्या घातक रूपापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या मुलखांत हे जनुक टिकून राहिले. त्यात कुळाचा दोष नाही की कोणाचे पाप नाही. दोघेही वाहक असले, तर मात्र प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारांत एक असतो.

मग आपण काय करावे? लग्नापूर्वी मुलीची तेवढी तपासणी करून स्थळ मोडणे, हा विज्ञानाचा उपयोग नव्हे. रक्त दोघांचेही तपासावे, आणि दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन निर्णय त्यांनीच करावा. आजार एखाद्या जातीच्या वा जमातीच्या नावावर तर मुळीच लिहू नये.

जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला 2023 साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. पण अमेरिकेत त्याची किंमत सुमारे 22 लाख डॉलर ठेवली गेली. आपल्या हाती आज साधी रक्ततपासणी आहे, वेदना कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आहेत, आणि 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेले राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान आहे. ही साधने पोडापोडांत पोचवणे हे आपले काम. शास्त्रज्ञांनी पोथी वाचली. तिचा अर्थ माणुसकीने लावणे आपल्याकडे आहे.