कोरियन लोकांचे शिष्टाचार आणि आपली मुले
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



विषय निवडण्याची मोकळीक मिळताच आम्ही कोरियाचे नाव घेतले, तेव्हा कार्यकारी मंडळात थोडा हशा पिकला. तो योग्यच होता. आम्ही कोरिया पाहिलेला नाही. भूगोलाच्या तासाला तो नकाशावर काठीने दाखविण्यात आमची हयात गेली. परंतु आज रांजणगावास एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ साली केला, आणि माणगावच्या बाजूस पोस्को कंपनीचे पोलादाचे काम चालते. आपल्या घरांतील मुले-मुली अशा ठिकाणी नोकरीस लागली आहेत. त्यांचे वडील आमच्या ओट्यावर येऊन विचारतात, "गुरुजी, हे साहेब लोक पहिल्याच भेटीत मुलाचे वय का विचारतात?" तेव्हा तेथूनच आरंभ करू.

ही नसती चौकशी नव्हे. ती व्याकरणाची गरज आहे. आपण मराठीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' असा भेद करतो. कोरियन भाषेत हा भेद क्रियापदाच्या शेवटापर्यंत पोहोचतो. वडीलधाऱ्यांच्या जेवणास वेगळा शब्द, वयासही वेगळा. क्रियापद आपल्याप्रमाणेच वाक्याच्या अखेरीस येते; सबब समोरचा मोठा की धाकटा हे कळल्यावाचून बोलणाऱ्यास वाक्य नीट संपविता येत नाही! कचेरीत वरिष्ठांस नुसत्या नावाने हाक मारणे उद्धटपणाचे गणले जात आले आहे. आडनाव, मग हुद्दा आणि त्यास आपल्या 'जी'सारखा 'निम' हा प्रत्यय, अशी रीत. विभागप्रमुख 'बुजांग', म्हणून 'किम बुजांगनिम'. अलीकडे काही कंपन्यांनी हुद्द्यांची ही उतरंड मोडण्याचा प्रयत्न चालविला आहे, तो भाग निराळा.

वय मोजण्याची त्यांची जुनी पद्धतही मौजेची. मूल जन्मतःच एक वर्षाचे, आणि नववर्षदिनी सर्वांचे वय एकदम वाढावयाचे. ३१ डिसेंबरला जन्मलेले मूल दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचे! जून २०२३ पासून सरकारी व दिवाणी कामांत वाढदिवसाप्रमाणे वय धरण्याचा नियम तेथे लागू झाला.

लिपीविषयी न बोलणे आम्हां शिक्षकास अशक्य आहे. राजा सेजोंग याने १४४३ साली सामान्य प्रजेसाठी नवी लिपी सिद्ध केली व १४४६ मध्ये ती जाहीर केली. आज तिची मूळाक्षरे चोवीस. काही व्यंजनांच्या आकृती उच्चाराच्या वेळी जीभ वा ओठ जसे असतात त्यांवरून बेतलेल्या आहेत. कंठ्य, तालव्य, ओष्ठ्य अशी वर्णमाला पाठ केलेल्या आपल्या मुलांस हे तत्त्व पटकन उमगावे. चार दिवसांत अक्षरओळख होईल. मग वरिष्ठांच्या टेबलावरील नावाची पाटी तरी वाचता येईल.

व्यवहारात नामपत्रिका दोन्ही हातांनी द्यावी, दोन्ही हातांनी घ्यावी आणि वाचून समोर ठेवावी. घेताच खिशात कोंबू नये, तीवर आकडेमोड तर मुळीच करू नये. वाकून अभिवादन करण्यात आपल्या मुलांनी कमीपणा मानू नये. वडिलांच्या पाया पडणाऱ्यास मान लवविणे अवघड का जावे? आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. जिवंत माणसाचे नाव तांबड्या शाईने लिहिणे तेथे अशुभ मानतात. तांबड्या शाईच्या किती दौती आम्ही मुलांच्या वह्यांवर रिकाम्या केल्या असतील!

आता आईबापांची खरी काळजी. काम संपल्यावर सहकाऱ्यांनी एकत्र भोजनास जाण्याची तेथे चाल आहे. वडील माणसाने चमचा उचलल्याशिवाय धाकट्याने जेवावयाचे नाही. भातात चमचा वा काड्या उभ्या खोचावयाच्या नाहीत, कारण तसा भात पितरांपुढे ठेवतात. मद्य मात्र हटकून येते. आपला पेला आपण भरीत नाहीत, एकमेकांचा भरतात. आणि धाकट्याने तोंड बाजूस वळवून प्यावयाचे असते. न पिणाऱ्या मुलाने काय करावे? आमचे मत असे की, पंक्तीत सर्वांसमक्ष नकार देऊ नये, कारण त्याने यजमानाचा आब जातो, आणि त्या आबास ते फार जपतात. आधीच एकांतात, आमच्या घरी हे चालत नाही, असे नम्रपणे सांगावे. मग पाण्याचा पेला घेऊन बसावे व वडिलांचा पेला दोन्ही हातांनी भरावा. मांसाहाराविषयीही हेच. नोकरीच्या भयाने मात्र कोणी पेला तोंडास लावू नये.

तसेच, साहेब ओरडला तर ती त्यांची संस्कृतीच आहे, असे म्हणून सारे गिळण्याचेही कारण नाही. थोरांचा मान आणि थोरांची अरेरावी या दोन गोष्टी त्या देशानेही वेगळ्या ओळखल्या आहेत. २०१८ पासून तेथे आठवड्यास कमाल ५२ तासांची मर्यादा टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि जुलै २०१९ पासून कामाच्या जागी होणाऱ्या छळास बंदी करणारा कायदा अमलात आला. आपल्या मुलांस अर्थात आपल्या देशाचे कायदे लागू. तेही त्यांनी वाचून ठेवावेत.

अखेरीस ज्ञातिसंस्थेच्या अंगणातला विषय. किम, ली आणि पार्क या तीन आडनावांत दक्षिण कोरियातील सुमारे ४५ टक्के लोक येतात. परंतु सारे किम एक नव्हेत; मूळ गावावरून कुळे ओळखतात. त्यांत किम्हे गावचे किम हे कुळ फार मोठे. वंशावळ्या छापून जपतात. लग्न झाले तरी स्त्री माहेरचेच आडनाव लावते. एका आडनावाच्या व एका मूळ गावाच्या वधूवरांचा विवाह कायद्यानेच निषिद्ध होता. लक्षावधींच्या कुळात नाते कोठले? तरी अशा जोडप्यांचा विवाह नोंदला जात नसे. १९९७ मध्ये तेथील घटना न्यायालयाने ही मनाई घटनाविरोधी ठरविली आणि २००५ मध्ये ती कायद्यातून गेली. जवळच्या रक्तसंबंधातील विवाहास मनाई आहेच.

आपल्याकडे सगोत्र विवाहास १९४६ च्या कायद्याने मान्यता दिली. तथापि आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या नोंदवहीत नावानंतरचा पहिला रकाना आजही गोत्राचाच आहे, आणि तो जुळला की पुढचे पान उलटले जाते. दोन स्थळे याच कारणाने परत गेल्याचे आम्हांस ठाऊक आहे. तो रकाना ठेवावा की काढावा, हा प्रश्न पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी सूचना चिटणीसांकडे लेखी देऊन आम्ही आपली रजा घेतो.