बटण बंद, तरी वीज चालू



आजचा विषय लहान आहे, पण जिवाशी गाठ आहे. छताचा दिवा बिघडला तर तो कसा बदलावा, ते आज पाहू.

पूर्वी आढ्याला एकच बल्ब लोंबत असे. आता गावातही स्लॅबची घरे झाली. काही घरांत स्लॅबखाली पीओपीचे छत आले. त्या छताला गोल भोक पाडून त्यात चपटा एलईडी दिवा बसवतात. आमच्याही घरी मुलाने असे दिवे बसवून घेतले.

त्यातला एक दिवा लुकलुकू लागला. आम्ही म्हटले, एवढ्यासाठी वायरमन कशाला? पस्तीस वर्षे आम्ही शाळेत विजेचा धडा शिकवला! बटण बंद केले. स्टुलावर चढलो. दिवा खाली ओढला आणि तारेला हात लावला. असा झटका बसला की स्टूल एकीकडे आणि आम्ही एकीकडे. मनगट मोडले. दीड महिना हात गळ्यात होता. घरातून ऐकावे लागले ते वेगळेच. "अहो, मुलांना शिकवलंत, ते आपण कधी शिकणार?"

बटण तर बंद होते. मग झटका कसा बसला? नीट ऐका. दिव्याला दोन तारा लागतात. एक फेजची, दुसरी न्यूट्रलची. वीज फेजच्या तारेने येते. म्हणून बटण फेजच्या तारेवर बसवायचे असते. आमच्याकडे ते न्यूट्रलच्या तारेवर बसवले होते. पाइपाच्या शेवटच्या टोकाला तोटी असते ना, तसेच हे. तोटी बंद केली की पाणी वाहत नाही, पण पाइप भरलेलाच असतो. तशी आमचा दिवा विझला, पण तारेत वीज होतीच.

म्हणून आता सांगतो तसे करा.

आधी टेस्टर चालू प्लगात घालून पाहा. तो पेटतो ना? मग मीटरजवळचा मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. नाहीतर मेन बंद असूनही दिव्यात वीज येईल. मेनजवळ घरचे एक माणूस उभे करा. कुणी चुकून चालू करू नये. आणि "वीज गेलीय, तोवर उरकून घेऊ" असे कधीही म्हणू नका. गेलेली वीज सांगून परत येत नाही.

काम दिवसाउजेडी करा. हात कोरडे हवेत, पायात रबरी चप्पल हवी. लाकडी स्टूल घ्या. लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची शिडी नको. स्टूल दुसऱ्याने धरावे.

दिव्याच्या दोन बाजूंना स्प्रिंगा असतात. दिवा हळू खाली ओढा. स्प्रिंग बोटावर आपटते, जपा. मागे एक लहान डबी असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. घरातली वीज २३० व्होल्टची. ती दिव्याला सोसेल अशी ही डबी करून देते. म्हणून डबी वगळून दिवा घरच्या तारेला कधीही जोडू नका.

आता दोन्ही तारांना टेस्टर लावा. उजेडात टेस्टर मंद दिसतो, म्हणून हाताचा आडोसा करा. जरासा जरी पेटला, तरी तारेला हात न लावता खाली उतरा आणि वायरमनला बोलवा. तारेच्या रंगावर विसंबू नका.

जुना दिवा दुकानात घेऊन जा. तेवढ्याच मापाचा, तेवढ्याच वॉटचा दिवा डबीसह आणा. तारा कनेक्टरमध्ये स्क्रूने घट्ट आवळा. उघडे तांबे कुठे दिसता कामा नये. मग दिवा बसवा, खाली उतरा, आणि नंतरच मेन चालू करा.

तार काळी पडली असेल, जळका वास येत असेल, छतातून ओल येत असेल, तर हात लावू नका. बटण बंद केल्यावरही दिवा रात्री मंद जळत असेल, तर आमच्यासारखीच चूक तुमच्या घरी असू शकते. ती वायरमनकडून तपासून घ्या. १९५६ च्या विद्युत नियमांनी दिवा बदलायची मोकळीक घरच्या माणसाला दिली होती. पण नव्या तारा ओढायचे काम परवानाधारकाचेच ठरवले होते. ते शहाणपण आजही सोडू नये.

आणि कुणाला वीज लागलीच, तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन बंद करा. ते जमले नाही तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करा. मग १०८ ला फोन करा.

आज घरी गेल्यावर एवढे करा. मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा बंद करायचा, ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. बायामाणसांना दाखवा, म्हाताऱ्यांना दाखवा, कळत्या पोरांनाही दाखवा. आमचे मनगट मोडले, त्यातून तुमचे एवढे शिकणे झाले तरी आम्हाला पुरे.